पेटीत गेलेला कापूस

रूबेन साळवे मास्तरांना जुन्या जालन्यात दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक त्यांची पेटी, आणि दुसरं म्हणजे नूरू पिंजाऱ्याशी असलेलं त्यांचं वैर. पेटी ते फक्त गुरुवारी वाजवत. वैर मात्र रोज, रविवार धरून.

मास्तर मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले. अंगानं काटकुळे, पण सदऱ्याची इस्त्री अशी की बघणाऱ्यानं आपला सदरा झटकावा. चर्चच्या मंडळीत त्यांचा मान मोठा. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा प्याला धरायचा तो मास्तरांनीच, हे इतकं ठरून गेलं होतं की आधीचे दोन पाळक बदलून गेले, पण प्याला काही मास्तरांच्या हातून गेला नाही. देवानं उद्या जालन्यात यायचं ठरवलं तर उतरायची सोय मास्तरांकडेच होईल, असं त्यांना मनातून वाटत असावं.

त्यांच्या दाराच्या बरोबर समोर नूरूचं दुकान. गाद्या, रजया, उश्या. नूरू आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा, आणि भुवयांवर बारा महिने कापूस. गल्लीतली निम्मी लग्नं नूरूच्या गादीवर सुरू झाली आणि निम्मी म्हातारपणं त्याच्या रजईत गेली.

हे दोघं एकाच अंगाखांद्यावर वाढलेले, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. मास्तरांची आई दवाखान्यात रात्रपाळीची आया होती. ती कामाला निघाली की लहानग्या रूबेनला समोर हलीमाबीच्या स्वाधीन करून जायची. हलीमाबी म्हणजे नूरूची आई. ती दोन्ही पोरांना एका ताटात जेवू घालायची आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगाऱ्यावर झोपवायची. सकाळी रूबेन घरी जायचा तेव्हा त्याच्या केसांत इतका कापूस असायचा की आई म्हणायची, "पोरगं रात्रीतून म्हातारं झालं की गं." हलीमाबीला तोही अम्माच म्हणायचा. दुसऱ्याच्या आईला दुसरं काही म्हणतात हे त्याला शाळेत गेल्यावर कळलं.

मग या दोघांचं बिनसलं कशावरून? देवावरून, असं मास्तर सांगतात. खोटं आहे. बिनसलं ते कापसावरून. देव बिचारे नंतर आले, तेही स्वतःहून नाही, साक्षीला बोलावले म्हणून आले.

झालं असं, की नूरूनं कापूस पिंजायची हातातली धनुकली बाजूला ठेवून विजेचं मशीन घेतलं. मशीन सुरू झालं की दुकानातून पांढरा धूर निघाल्यासारखा कापूस उडायचा. त्यातच एका गुरुवारी मास्तरांच्या घरी प्रार्थनासभा. दहा-बारा माणसं सतरंजीवर बसलेली, मास्तरांनी डोळे मिटून भाता दाबला, आणि पेटी खोकली. दुसऱ्यांदा दाबला तर नुसता दमा. आत कापूस जाऊन सूर चोंदले होते. मागं बसलेल्या कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि खरं वैर त्या हसण्यात जन्माला आलं. पेटी दुरुस्त झाली. ते हसणं काही दुरुस्त झालं नाही.

मास्तर तशीच पेटी उचलून नूरूच्या दारात गेले.

"नूऱ्या, तुझ्या कापसानं देवाची पेटी बंद पाडली!"

"मंग खिडकी लावून घ्यायची की रे," नूरू मशीनच्या आवाजावर ओरडला. "आन् देवाला पेटी कशाला लागती? त्याला तसं ऐकू येत न्हाई का?"

गल्ली हसली. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्या झोंबलेल्या नाकानं ते बोलून गेले, "तुमच्या लोकांना काय कळतं रे देवाचं!"

तोवर भांडण रूब्याचं आणि नूऱ्याचं होतं. या वाक्यासरशी मास्तरांच्या मागं अख्खी ख्रिस्ती दुनिया येऊन उभी राहिली आणि नूरूच्या मागं अख्खी मुसलमान दुनिया, आणि ती गल्ली तर एवढी अरुंद की समोरून ऑटो आला तर मोटारसायकल मागं घ्यावी लागते. नूरूनंही मग "तुमचे लोक" काढले. मशीन बंद झालं, दारं लागली आणि अबोला सुरू झाला.

नुसता अबोला असता तर महिन्याभरात विरला असता. पण मास्तर शिकलेले. राग कशाचा तरी आधार असल्याशिवाय त्यांना शोभत नव्हता. कापसासाठी माणूस तोडला असं म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी शास्त्र उघडलं. शोधणाऱ्याला सापडतं. विश्वास न ठेवणाऱ्यांच्या जोडीला बांधून घेऊ नका, अशा अर्थाचं एक वचन सापडलं. त्याच्या खाली त्यांनी लाल रेघ मारली. त्याच शास्त्रात वैऱ्यावरसुद्धा माया करा असं सांगणारी पानं होती, पण ती मास्तर वाऱ्यानं उलटल्यासारखी उलटत. पुढं मोबाइल आला आणि शोधायचे कष्टही वाचले. कुठल्या कुठल्या ग्रुपवरून सकाळी चहाआधी वचनं यायची, खाली "दहा जणांना पाठवा" असं लिहिलेलं. समोर नूरूलाही त्याच्या ग्रुपवर तसलीच किताबी वचनं येत होती. दोघं ओट्यावर बसून आपापल्या फोनमध्ये बघत माना डोलवायचे, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय दोस्ती आहे, एकच क्रिकेट बघून राह्यलेत.

घरातल्या बायकांनी मात्र हे वैर कधी मनावर घेतलं नाही. मास्तरांच्या करुणाबाई नाताळच्या करंज्या समोर पाठवत आणि नूरूची जैतूनबी ईदचा शीरखुर्मा इकडं. ने-आण करायची गोपिकाबाई. ही धनगराची बाई, दोन्ही घरी दूध घालायची. दुधाच्या किटलीत शीरखुर्मा यायचा आणि मास्तरांना ती गोपिकाबाईच्या घरची खीर म्हणून वाढली जायची. मास्तर वाटी चाटूनपुसून खायचे आणि म्हणायचे, "खीर करावी तर धनगरांनीच!" करुणाबाई तोंडाला पदर लावून आत जायच्या.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. यापुढची एक गोष्ट तशी नाही.

हलीमाबी गेली. रात्रीच्या झोपेत, कुणाला त्रास न देता. सकाळी समोरच्या दारात माणसं जमू लागली तेव्हा मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला, चपला पायात सरकवल्या आणि कडीला हात घातला. तो हात तिथंच राहिला. दार उघडलं की समोर नूरू असणार, त्याच्या गळ्यात पडावं लागणार, आणि मग इतकी वर्षं काय केलं ते सगळं वायाच. मास्तर परत आत येऊन बसले. शास्त्र उघडलं. मेलेल्यांचं मेलेल्यांवर सोपवावं, अशा अर्थाचं एक वचन त्यांना सापडलं आणि त्यांनी ते धरून ठेवलं. गल्लीतून कलमा ऐकू यायला लागला तेव्हा त्यांनी कापूस येतो म्हणून खिडकी लावून घेतली. त्या दिवशी मशीन बंद होतं. कापूस कुठून येणार होता?

लोकांना त्यांनी सांगितलं, ताप होता. करुणाबाई समोर जाऊन आल्या, आंघोळ केली, ताट वाढलं, आणि त्या दिवशी नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यानंतर काही वर्षांनी मंडळीला नवे पाळक आले. तरुण, नगरकडचे, मऊ बोलणारे. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ते घरोघर भेटी देत मास्तरांकडे आले. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "मास्तर, समोर कोण राहतं?"

"ते आपल्यातले न्हाईत."

"बोलणं आहे ना पण?"

मास्तरांनी घसा साफ केला. पाळक म्हणाले, "या ईस्टरला मी सगळ्यांना एवढंच सांगतोय. आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन यायचं, मग प्रभूच्या मेजाशी यायचं. वचन तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत म्हंजे? तीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलंय," मास्तर ताठ बसले. "पण भाऊ म्हंजे कोण? विश्वासातला भाऊ. मंडळीतला. हे काही समोरच्याला लागू होत न्हाई."

"भांडण कशाचं झालं होतं?"

मास्तरांनी सुरुवात फार लांबून केली. खरा देव, खोटी शिकवण, मग मूळ तत्त्व, त्यावर नूरूनं केलेला आघात. पाळक प्रत्येक वाक्यानंतर "आणि त्याआधी?" एवढंच विचारत होते. एकेक पायरी खाली उतरत मास्तर शेवटी तळाला आले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पेटीत कापूस गेल्ता."

पाळकांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"मी काही निकाल देत नाही," उठताना ते म्हणाले. "प्याला तुमच्याच हाती असतो, मास्तर. रविवारी तो उचलायचा की नाही, तुम्ही ठरवा. उचललात तर मी अडवणार नाही."

हे फार वाईट झालं. पाळकांनी मनाई केली असती तर मास्तरांना त्यांच्याशी भांडता आलं असतं, कमिटीकडे अर्ज करता आला असता. पण अडवणार नाही म्हणणाऱ्या माणसाशी लढायचं कसं? मास्तरांची झोप उडाली. प्याला नाही उचलला तर मंडळी विचारणार. उचलला तर कुणी विचारणार नाही, आणि तेच जास्त टोचत होतं. त्यात आणखी एक आठवण छळत होती. रविवारच्या शाळेत ते पोरांना एक गोष्ट हातवारे करून सांगत: वाटेत लुटून टाकलेला माणूस, आपले म्हणवणारे दोघं बगल देऊन गेलेले, आणि परक्या जातीचा एक थांबलेला. गोष्ट संपली की ते हटकून विचारायचे, "पोरांनो, मंग त्याचा खरा शेजारी कोण?" मास्तरांनी दरवर्षी शाबासकी देऊन बरोबर उत्तर घेतलं होतं.

शुक्रवारी सकाळी गोपिकाबाई दूध घेऊन आली ती बातमी घेऊनच.

"मास्तर, नूरूभाई बी मौलानाकडं जाऊन आले म्हणं."

"मला काय करायचंय?" मास्तर म्हणाले, आणि खुर्ची दाराजवळ ओढून बसले.

गोपिकाबाईनं दूध मापता मापता सगळं सांगितलं. जैतूनबीनं नवऱ्याला टोकलं होतं, की भावाशी तीन दिवसांवर अबोला धरू नये असं आपल्यात सांगितलंय, आणि तुम्ही तर गल्लीत अबोल्याचं दुकान मांडलंय. नूरू म्हणाला, भाई म्हणजे मुसलमान भाई, मास्तराचा त्यात नंबर लागत न्हाई. बायको ऐकेना तेव्हा तडातडा मौलानांकडे गेला.

मास्तर ऐकतच राहिले. हा तर त्यांचाच मुद्दा! शब्दाला शब्द! नूऱ्यानं लहानपणी गणितं चोरली होती, आता पळवाटही चोरली.

"म्हंजे दोघांच्या बी देवानं भावाशी नीट ऱ्हावा म्हणलं," गोपिकाबाई किटलीचं झाकण लावत म्हणाली, "आन् दोघांनी बी भाऊ कोण न्हाई तेवढंच हुडकलं."

"तुझं बोलतीस का? तुझा जावेशी बारा वर्षं अबोला हाय!"

"हाय की. मला ती आवडत न्हाई," गोपिकाबाई म्हणाली. "पर त्याच्यात मी खंडोबाला कशाला वढू? त्यानं काय केलंय?"

मास्तरांनी विषय बदलला. "मौलाना काय म्हणले?"

"ते म्हणले, शेजारचा हाय ना? मंग जा. दोघांत जो आधी सलाम करील तो वरचढ. नूरूभाई म्हणले, जाईन. आयतवारी सकाळीच जाईन."

गोपिकाबाई गेली आणि मास्तर खोलीत येरझाऱ्या घालू लागले. नूरू आधी आला तर? आधी आला तर तो वरचढ. म्हणजे त्याचा धर्म वरचढ! क्षमा हा विषय आमचा, आणि त्यात पहिला नंबर त्यानं न्यायचा? इतकी वर्षं धर्मासाठी वैर केलं, आता धर्मासाठीच दोस्ती करणं भाग होतं, आणि तीही रविवारी, लवकर. करुणाबाईंनी हे सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. पण सदऱ्याला इस्त्री मात्र करून दिली.

ईस्टरच्या सकाळी मास्तर अंधुक उजेडात उठून तयार झाले. खिडकीतून टेहळणी केली. नूरूचं दार उघडलं, आणि नूरू धुतलेला पायजमा-कुर्ता घालून ओट्यावर पायताण शोधताना दिसला. मास्तर शाळेच्या शर्यतीत पोरांना जे कधी करू देत नसत तेच त्यांनी केलं, शिट्टीआधी पळाले. गल्ली ओलांडली आणि नूरूचा एक पाय चपलेत नि एक बाहेर असतानाच ओरडले, "सलाम आलेकुम, नूरू!"

नूरूनं मान वर केली. "वालेकुम सलाम," तो म्हणाला. मग चेहरा पाडून म्हणाला, "हात् तेरी. ही दुसरी चप्पल कुठं गेली बघ. न्हाईतर मीच पहिला व्हतो."

"पहिला तो पहिला," मास्तर धापा टाकत म्हणाले. "ऐक. मी तुला माफ केलं."

"कशाची माफी?"

"पेटीची."

"ती पेटी?" नूरू खो खो हसला. हसताना त्याच्या भुवयांवरचा कापूस हलला. "अरे, तिला किती साल झाले! मला तर याद बी न्हवती. बस. च्या घेऊ."

मास्तर बसले. सगळं मनासारखं झालं होतं. पहिले तेच होते, माफही त्यांनीच केलं होतं, आता उठून चर्चला जायचं आणि ताठ मानेनं प्याला उचलायचा. पण ते उठेनात. आतल्या खोलीत पिंजलेल्या कापसाचा ढीग दिसत होता, हलीमाबी दोघांना झोपवायची तसलाच. माफी द्यायला ते पळत आले होते. मागायला आलेच नव्हते. नूरूचं हसणं ओसरलं होतं, आणि तो जमिनीकडं बघत होता. पेटी त्याला आठवत नव्हती. पण काहीतरी त्याला पक्कं आठवत होतं, आणि ते काय हे मास्तरांना ठाऊक होतं.

"अम्माच्या मातीला मी आल्तो न्हाई," मास्तर म्हणाले.

"ताप व्हता ना तुला."

"ताप न्हवता."

"मालूम हाय," नूरू म्हणाला.

जैतूनबीनं चहा आणून ठेवला आणि न बोलता आत गेली. दोघांपैकी कुणीच कप उचलला नाही.

"वचन व्हतं माझ्याकडं," मास्तर म्हणाले. "त्याच्यात दडून बसलो. देवानं सांगितलं म्हणून न्हाई आलो असं मी मलाच सांगत राह्यलो. देवानं काही सांगितलं न्हवतं, नूऱ्या. मला तुझ्यासमोर यायची लाज वाटली."

"मी बी काय कमी केलं का? चार लोकांत म्हणलो, बरं झालं न्हाई आला, अम्माच्या जनाज्याला बेदीन, परक्या धर्माच्या माणसाचा हात कशाला. मोठ्यांदी म्हणलो." नूरू थांबला. मग म्हणाला, "तुला एक इचारू? तुझ्या खिडकीखाली जनाजा थांबलेला तू पाह्यला का?"

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. खिडकी तर त्यांनीच लावली होती.

"मी थांबवला व्हता. मौलाना म्हणत व्हते, चला, जल्दी करा, नमाजचा वख्त झाला. मी म्हणलो, थांबा. मागल्या बाजूचा एक खांदा रिकामा ठेवला व्हता. कुणाला लावू दिला न्हाई. लोक इचारत व्हते कोण यायचंय, मी नावच सांगीना. लई वेळ थांबलो रे. मंग गिरणीवाल्या भारतनं येऊन लावला."

मास्तर ओक्साबोक्शी रडले. इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसत, लहान पोर रडतं तसे. नूरूनं त्यांना रडू दिलं. मधेच चर्चची घंटा सुरू झाली. करुणाबाई फुलं घेऊन दारात आल्या, समोर बघितलं आणि एकट्याच पुढं गेल्या. घंटा वाजत राहिली, गल्लीतली चार ख्रिस्ती घरं नवे कपडे घालून समोरून गेली, मास्तरांना बघून थबकली आणि निघून गेली. मास्तर जागचे हलले नाहीत. त्या दिवशी प्याला दुसऱ्या कुणीतरी धरला.

"चल," थोड्या वेळानं नूरू म्हणाला.

"कुठं?"

"आता खांदा तर देता येत न्हाई. माती तर दे."

कब्रस्तानात ऊन चढलं होतं. नूरूनं एका बाजूच्या, अम्माच्या कबरीपाशी बसून दोन्ही हात पसरले आणि ओठातल्या ओठात दुआ पुटपुटली. मास्तर उकिडवे बसले, मूठभर माती उचलली आणि हळूच वर सोडली. लग्नात, बारशाला, मयतीला, कुठंही उभे केले तरी त्यांना वचन सुचत असे. त्यांनी आठवून पाहिलं.

"अम्मा, मी आलो," मास्तर म्हणाले. पुढं त्यांना काही आठवलं नाही.